वाचणारे आत, लिहिणारा दारात

सुभाष,

तुझ्या मृत्यूच्या दाखल्यासाठी वॉर्ड ऑफिसात गेलो आणि अर्जात मृताच्या रकान्यात मी माझंच नाव लिहून दिलं. बावीस वर्षं सुरतेत काढली, तरी गुजराती अर्ज समोर आला की मी अजून अक्षर लावत बसतो, हे तुला ठाऊक आहे. पहिली ओळ अर्जदाराचीच असणार असं धरून वडिलांच्या नावासकट सगळं वळणदार भरलं, खाली सही ठोकली आणि कागद खिडकीतून आत सरकवला. आतल्या बाईंनी वाचलं, सही पाहिली, मग मला पाहिलं. "काका, आमां तो तमारुं ज नाम छे. तमे तो सामे ऊभा छो." रांगेतले दोघं-तिघं हसले. मीही हसलो. तू असतास तर संध्याकाळपर्यंत ही गोष्ट ऑफिसभर झाली असती. दुसरा अर्ज घेऊन बाकावर बसलो. तुझं नाव जिथे लिहायचं तिथे लिहिलं, आणि मग बराच वेळ उठलोच नाही.

आज अकरावा दिवस. लोक येतात, चटईवर बसतात, तुझ्याविषयी चांगलं बोलतात, मी मान हलवतो. तुझं वय, शिक्षण, स्वभाव हे सगळं त्यांनी सांगून झालंय, मी पुन्हा सांगत नाही. मला तुझ्याशी आपलं अर्धं राहिलेलं भांडण बोलायचंय. आतल्या खोलीत माय बसल्या आहेत आणि थोड्या वेळाने मला त्यांच्यासमोर जायचंय. का, ते तुला आधी सांगतो. त्यांच्यापेक्षा तुला सांगणं सोपं आहे. तू आता उलट प्रश्न विचारणार नाहीस.

मी घरजावई. हा शब्द आपल्या घरात कुणी तोंडातून काढत नाही, इतकी तुझी माय आणि तुझी ताई मंदा सभ्य आहेत. लिंबायतच्या त्या दोन खोल्यांत माय, मी, मंदा, आमच्या दोघी मुली आणि तू. माझ्याशी बोलताना सगळे शाळेतली मराठी बोलायचे आणि आपसात अहिराणी. मी जालन्याकडचा. लग्नानंतर तीन वर्षं मला वाटायचं की हे नक्की माझ्याविषयीच बोलतायत. मग हळूहळू भाषा समजू लागली आणि कळलं, खरंच माझ्याविषयीच बोलायचे.

धंद्याने मी टीव्ही दुरुस्त करणारा. रिंग रोडच्या कापड मार्केटात शेठनी कॉम्प्युटरचं काम काढलं, तेव्हा सोल्डरिंगचा हात बरा म्हणून मला घेतलं. एका मशीनला तीस-बत्तीस टर्मिनल जोडून द्यायची, म्हणजे व्यापाऱ्याच्या प्रत्येक माणसासमोर एक पडदा, हे आपलं काम. तारांचं कार्ड आपणच बनवायचो आणि ते चालवणारा कोड फुकट मिळणाऱ्या कर्नलमध्ये घालायचो. मशीनच्या पोटात बसून बाकी सगळ्यांना कामं वाटून देणारा भाग तो कर्नल. चाळिशीला आल्यावर मी सी ही कोडची भाषा शिकलो, पुस्तक मांडीवर घेऊन, मुलं पाढे शिकतात तसा: आधी पाठ, अर्थ पुढच्या वर्षी. मग तू डिप्लोमा करून आलास, आणि मी शेठना सांगून तुला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. तू मला दाजी म्हणायचास, म्हणून महिन्याभरात शेठसकट अख्खं ऑफिस मला दाजी म्हणू लागलं. इकडे माय गल्लीत सांगायच्या की पोरगा कर्नलमध्ये आहे. समोरचे निवृत्त हवालदार तू दिसलास की खुर्चीतून अर्धे उठायचे. त्यांचा समज आपण कधी दुरुस्त केला नाही.

भांडण पहिल्याच आठवड्यात सुरू झालं.

माझ्या कोडात एक तक्ता होता, कुठल्या तारेवर कुठला पडदा आहे याचा. कुणी एक बटण दाबलं की तो तक्ता वाचायचा. नवा पडदा जोडला की त्यात लिहायचं. वाचणारे कितीही एकत्र वाचोत, बिघडत नाही. लिहिणारा मात्र एकटाच हवा, नाहीतर कुणीतरी अर्धं जुनं, अर्धं नवं वाचून जातो. म्हणून तक्त्याला लॉक. माझं लॉक सरळ होतं. वाचणारा आला की आत सोडा. लिहिणारा आला तर त्याने आतले सगळे बाहेर पडेपर्यंत दारात थांबावं.

"आणि सगळे कधी बाहेर पडलेच नाहीत तर?" तू विचारलंस.

आपण लूनावरून ऑफिसला निघालो होतो. मी म्हणालो, "पडतात रे."

"दाजी, लूमच्या खात्यात पाळीचा फळा पाहिलाय ना? कुणाची दिवसपाळी, कुणाची रातपाळी. पाळ्या लिहिणारा मेहता खडू आणि ओला फडका घेऊन मागे उभा. फळ्यासमोर माणसं. एक जातो तोवर दोन येतात. मेहत्याचा नंबर कधी लागायचा?"

"गर्दी ओसरली की लागेल."

"ओसरतच नाही. आणि सगळे जुनाच फळा वाचून घरी चाललेत."

"वाचणारा आपलं गिऱ्हाईक आहे. त्याचा पडदा थांबला की तो शेठना फोन करतो. लिहिणारा कुणाला फोन करतो?"

"म्हणून त्याला उभंच ठेवायचं?"

रेल्वेखालच्या गरनाळ्याच्या चढावर तू उतरायचास, कारण लूनाला आपण दोघं झेपत नव्हतो, आणि बाजूने चालत मोठ्या आवाजात वाद चालू ठेवायचास. आधी कोण, आधी कोण, यावर दोन माणसं भांडतायत म्हटल्यावर रिक्षावाले कान द्यायचे. त्यांना वाटायचं, घराच्या हिश्शाचं चाललंय.

तुझं म्हणणं साधं होतं. मेहता खडू घेऊन आला की फळ्यापाशी नवीन कुणी जायचं नाही. आत आहेत त्यांनी वाचून बाहेर यावं, मेहत्याने लिहावं, मग पुन्हा दार उघडं. मी पाच महिने नाही म्हणत राहिलो. कारणं बरीच दिली, मशीन हळू होईल, गिऱ्हाईक ओरडेल, अमुक पुस्तकात तमुक लिहिलंय. खरं कारण तुला तेव्हाही कळलं असणार. चाळिशीनंतर शिकलेल्या माणसाला आपण लिहिलेलं चालतं याचंच इतकं अप्रूप असतं, की ते बरोबर आहे का हे विचारायची त्याची हिंमत होत नाही. शेजारी बसलेल्या मेहुण्याने विचारलं तर मुळीच नाही.

मग लग्नसराई आली. एका मोठ्या व्यापाऱ्याकडे तीस पडदे सकाळपासून खडखडत होते, आणि त्याला आणखी दोन जोडून हवे होते. आपण जोडण्याची आज्ञा दिली आणि बसलो. चहा झाला. नाश्ता झाला. पडदे काळेच. तक्त्यात लिहायला आलेली ती बिचारी प्रक्रिया दारात झोपून होती. तू यादी काढून दाखवलीस. तिच्या नावापुढे 'डी' होता. म्हणजे अशी झोप, की लॉक मिळेपर्यंत तिला कुणी उठवू शकत नाही. मारायची आज्ञा दिली तरी तिच्या कानापर्यंत जात नाही. तू ती आज्ञा तीनदा दिलीस, प्रत्येक वेळी माझ्याकडे बघत.

"बघा दाजी. मरायचीसुद्धा सोय ठेवली नाही तुम्ही."

त्या दिवशी मी हरलो. तू दोन दिवसांत लॉक बदललंस. ऑफिसात चार पडद्यांवर दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दिवशी आपण ते व्यापाऱ्याकडे बसवलं. शेठ स्वतः आले होते, पांढरा सफारी घालून. तू नवा पडदा जोडलास, क्षणात जोडला गेला. दुसरा जोडलास. शेठनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तू एक काढून पुन्हा जोडायला गेलास आणि सगळेच्या सगळे पडदे थिजले. एकही अक्षर हलेना. गादीवरची माणसं एकेक करून उभी राहिली. व्यापारी काही ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "बधुं बंद," सगळं बंद, आणि पानाच्या डब्याकडे वळला. त्याने ओरडायला हवं होतं.

शेठनी विचारलं, "छेल्ले कोणे हात लगाड्यो?"

शेवटचा हात कुणी लावला, एवढाच प्रश्न. तू म्हणालास, "मी." मी तुझ्याशेजारी उभा होतो, कोडच्या कागदांची चळत छातीशी धरून, मुलीच्या वह्या धरतो तशी. चूक कुणाची हे तेव्हा मला खरंच ठाऊक नव्हतं, एवढं माझ्या बाजूने धर. पुढच्यासाठी माझ्या बाजूने काही नाही.

दुसऱ्या दिवसापासून शेठनी तुला कोडवरून काढलं. मार्केटातल्या दुकानांत केबल ओढायची, प्लग बदलायचे, गिऱ्हाईकांकडे फिरायचं. तुझ्या खुर्चीवर प्रिंटर आला.

तीन दिवसांनी, दुपारी डबा खाता खाता, मला ती ओळ सापडली. माझीच, दोन वर्षांपूर्वीची. तक्ता वाचण्यासाठी लॉक घेतलेलं असतानाच, मध्येच मी माझ्या दुसऱ्या एका जुन्या फंक्शनला हाक मारली होती, आणि ते आत जाऊन पुन्हा तेच लॉक मागत होतं. फळ्याच्या भाषेत सांगायचं तर एक माणूस फळ्यासमोर उभा आहे, जागा सोडलेली नाही, आणि तोच भावाची पाळी बघायची म्हणून दारात पुन्हा रांगेत लागलाय. माझ्या जुन्या लॉकमध्ये असा गबाळेपणा खपून जायचा, दोनदा आत, दोनदा बाहेर. तुझ्या लॉकमध्ये मेहता दारात आला की नवीन कुणाला आत सोडायचं नाही. मेहता वाट बघतोय हा बाहेर कधी येतो, आणि हा वाट बघतोय मेहता कधी आटपतो. मागे बाकीचे सगळे. तुझं लॉक बरोबर होतं. त्याने माझी चूक पकडली होती.

मी डबा बंद केला. हात धुतले. ती ओळ खोडली, पाच मिनिटांचं काम. तुझं लॉक होतं तसं ठेवलं आणि पुन्हा व्यापाऱ्याकडे बसवलं. चाललं. आजही चालतंय. शेठ म्हणाले, "दाजी, तमे तो बचावी लीधा." वाचवलंत म्हणे. तिथे चार माणसं होती. मी म्हटलं, आज यांच्यासमोर नको, उद्या शेठ एकटे असताना सांगू. उद्या शेठ एकटे नव्हते. परवा ते उंझ्याला गेले. पुढे मी वाटसुद्धा बघेनासा झालो.

आठवड्याने तू केबलचं भेंडोळं घ्यायला वर आलास. माझ्या पडद्यावर तीच फाईल उघडी होती. तू वाकून दोन पानं वाचलीस. तुझं वाचणं मला नेहमी आवडायचं, गावाकडून आलेलं पत्र वाचावं तसे ओठ हलवत वाचायचास.

"दाजी, इथली ती ओळ कुठे गेली?"

"कुठली ओळ?" मी म्हणालो.

तू माझ्याकडे पाहिलंस. मग हसलास. भेंडोळं खांद्यावर घेतलंस आणि म्हणालास, "जेवून घ्या, ताईने आज वांग्याचं भरीत दिलंय." आणि जिना उतरून गेलास. ते हसणं मी दीड वर्षं उलटसुलट करून पाहतोय. रागाचं असतं तर बरं झालं असतं.

यापेक्षा वाईट घरी चाललं होतं. मायना एवढंच कळलं होतं की पोराने मोठं मशीन बिघडवलं, आणि जावई होते म्हणून नोकरी वाचली. त्या मला पहिली भाकरी वाढायच्या, तव्यावरून थेट ताटात. आणि तुझ्याकडे वळून म्हणायच्या, "जवाईसनं आयकत जाय, भाऊ." जावयांचं ऐकत जा. रोज. तू मान खाली घालून जेवायचास. मी गरम भाकरी खायचो. आल्या-गेल्याला त्या सांगायच्या, आमचा सुभाष हुशार आहे पण घाई करतो, पाव्हण्यांनी सांभाळून घेतलं. त्या दोन खोल्यांत कुणाचं बोलणं कुणापासून लपत नाही. तू पडद्यामागे शर्ट बदलत असायचास, मी बुटाची लेस बांधत असायचो, आणि ते वाक्य आपल्या दोघांच्या मधून जायचं. आता तोंड उघडलं तर शेठसमोर खोटा, मायसमोर खोटा, आणि मंदासमोर तर काय हे मला बघवत नव्हतं. जितके दिवस गेले तितकं सांगणं जड होत गेलं. मी निघू शकत नव्हतो, आणि माझ्यामुळे तुला निघता येत नव्हतं. पुण्याच्या एका कंपनीने तुला बोलावलं, तेव्हा आधीचं काम काय म्हणून विचारलं. केबल, तू सांगितलंस. हे मला मंदाकडून कळलं. तू मला सांगितलंच नाहीस.

आणि तरी तू मला शिकवणं सोडलं नाहीस, हे कुठे लिहू? रविवारी दारातल्या ओट्यावर बसून तू मला दोन प्रोसेसरचं मशीन समजावलंस, धाकटीच्या दोन बाहुल्या घेऊन. मी तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला तेव्हा धाकटी म्हणाली, "पप्पा, मलासुद्धा समजलं." तू तिला रागावलास. म्हणालास, पप्पांनी विचारलं म्हणून तुला समजलं. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाला असा मान घरजावई झाल्यापासून कुणी दिला नव्हता.

काविळीत तुला दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी दोनदा सांगायचं ठरवून आलो. पहिल्या दिवशी पलंगाभोवती अख्खी गल्ली. दुसऱ्यांदा आलो तेव्हा माय पायथ्याशी बसून होत्या, उठायला तयार नाहीत. तू पिवळ्या डोळ्यांनी मला विचारलंस, "नव्या कार्डात तक्ता मोठा केला का?"

"केला."

"मग आता अख्ख्या तक्त्याला एक लॉक नको. ओळीओळीला वेगळं लावा. एकासाठी सगळ्यांनी का थांबायचं?"

"बरा हो, मग तूच लाव," मी म्हणालो. मायनी लगेच सांगितलं, "बोलू नको, थकशी." तू डोळे मिटलेस. तुझं ते म्हणणं मला अजून पूर्ण पटलेलं नाही. लॉकं वाढली की घोटाळे वाढतात. पण कोणाशी भांडू?

आज दुपारी मंदा आणि मी तुझी ट्रंक उघडली. शर्ट, डिप्लोमाचं सर्टिफिकेट, आणि तळाशी भोकं असलेल्या लांब कागदावरचं ते जुनं प्रिंट, माझी ओळ खोडण्याआधीचं. त्या ओळीभोवती तू लाल पेनने गोल केला होता. समासात तीनच शब्द होते, 'दाजींना विचारणे आहे.' तू विचारलं होतंस. मी 'कुठली ओळ' म्हणालो होतो.

"काय आहे ते?" मंदा म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. तक्ता, लॉक, फळा, मेहता, दारातली रांग, शेठचा प्रश्न, माझी ओळ. पाऊण तास बोलत होतो. ती तुझ्या शर्टांच्या घड्या घालत ऐकत होती, मध्ये एकदाही थांबली नाही की थांबवलं नाही. मी गप्प झालो तेव्हा शेवटच्या शर्टाची घडी तिच्या मांडीवर होती. मला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर अहिराणीत सुरू होईल. आतून मायच्या बांगड्या वाजल्या, त्या दुपारची झोप संपवून उठत होत्या.

मंदाने शर्ट ट्रंकेत ठेवला आणि म्हणाली, "माय उठली. जाऊन तिला सांगा. ते लॉक आणि फळा काही सांगत बसू नका, तिला कळायचं नाही आणि तुम्हाला त्यात लपायला जागा मिळेल. एवढंच सांगा, चूक सुभाषची नव्हती, माझी होती. आणि सांगून झाल्यावर उठून जाऊ नका, ती जे बोलेल ते ऐका."